पोटातलं रान तोडू नका

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर दर रविवारी वंदना झाली की आम्ही वजनकाटा लावतो. लेकरांचं वजन घ्यायचं, दंडाचा घेर मोजायचा, आयांशी चार गोष्टी बोलायच्या, एवढंच ते काम. गेल्या पावसाळ्यात एक बहीण दहा महिन्यांचं लेकरू कडेवर आणि हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. पिशवीत औषधाच्या पाच बाटल्या होत्या, पाचही अर्धवट.

"जयभीम ताई. दवाई देल्ली का दोन दिस थांबते, मंग पुन्हा संडास लागते. आता यातली कोन्ती देऊ?"

आम्ही बाटल्या ओळीने मांडल्या. नावं पाच होती. लेबल वाचलं तर चार बाटल्यांत अँटिबायोटिक होतं आणि त्यांपैकी तीन बाटल्यांत तर एकच औषध होतं. दोन महिन्यांत चारदा अँटिबायोटिक सुरू झालं, एकदाही पुरं झालं नाही. ओआरएसचं पाकीट मात्र पिशवीत नव्हतं. झिंकची गोळीही नव्हती. आणि लेकराचं वजन दोन महिन्यांत तसूभर वाढलं नव्हतं.

त्या बहिणीचा दोष काढण्याआधी आमचा सांगतो. आम्ही नर्स म्हणून वार्डात होतो तेव्हा साध्या पातळ संडासच्या लेकरालाही अँटिबायोटिक सुरू व्हायचं आणि आम्ही ते मुकाट्याने पाजायचो. नातेवाईकांना वाटायचं, काहीतरी जोरदार दिलं. आम्हालाही वाटायचं, काम झालं. त्या औषधाने पोटात आणखी काय काय मरतं, हे आम्हाला डिप्लोमात कुणी सांगितलं नव्हतं. पुढे वाचून आणि विचारून जे समजलं, ते या वेळी आरोग्याच्या पानावर मांडत आहोत. थोडं लांब आहे, पण घरात वाचून दाखवा.

पचन एकट्याचं काम नाही

आपण चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं. पाऊस पडला की वारुळावर सात्या उगवतात आणि आपण टोपली घेऊन निघतो. त्या सात्या कुठून येतात? वाळवी वाळलेलं लाकूड आणि पाचोळा वारुळात नेते, पण तो तिला नीट पचत नाही. म्हणून ती त्यावर बुरशीची बाग लावते. बुरशी त्या पाचोळ्याला मऊ करते, मग वाळवी ते खाते. आपण जी सात्याची भाजी करतो, ती त्याच बुरशीची जमिनीवर आलेली छत्री आहे.

गाईचंही तसंच. धानाची तणस पचवणारा रस गाईच्या स्वतःच्या शरीरात तयार होत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य जंतू राहतात, ते तणस कुजवतात, आणि त्यातून निघालेल्या रसावर गाय जगते. म्हणजे आपण गाईला चारा घालतो तेव्हा आधी तिच्या पोटातल्या जंतूंना घालतो.

जंतू म्हटलं की आपल्याला रोग आठवतो. पण पोटातले बहुतेक जंतू रोगाचे नाहीत, ते सोबती आहेत. माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जंतू असतात असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. आपल्या शरीराच्या स्वतःच्या पेशीही जवळपास तेवढ्याच. या साऱ्या जंतूंचं वजन पाव किलोहून थोडं कमी भरतं, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपल्याला न पचलेला चोथा ते खातात, त्यातून आतड्याच्या आतल्या पापुद्र्याला पोसणारी आम्लं तयार करतात, काही जीवनसत्त्वं बनवतात, शरीराच्या रोगप्रतिकाराला शिकवतात. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे जागा अडवून ठेवतात. जागा भरलेली असली की बाहेरून आलेल्या रोगजंतूला बसायला ठिकाण मिळत नाही.

जंगलाचा अभ्यास करणारे लोक काही साधे नियम सांगतात. माती-पाणी कसं आहे त्यावर कोणतं झाड जगेल ते ठरतं. कोण आधी रुजलं यावर पुढचं रान ठरतं. बी जवळपासून येतं. आणि वणवा लागला तर जुनं सगळं परत येईलच असं नाही. गेल्या वीस वर्षांत शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्राण्यांची पोटं तपासली, तेव्हा हेच नियम तिथेही लागू पडताना दिसले. एकेक पाहू.

जसं खाणं, तसं रान

२००८ साली अमेरिकेत रूथ ले, जेफ्री गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० जातींच्या १०६ सस्तन प्राण्यांची विष्ठा तपासली. मांस खाणारे, झाडपाला खाणारे आणि दोन्ही खाणारे असे प्राण्यांचे गट जंतूंवरूनच वेगळे पडले. सगळ्यांत जास्त प्रकारचे जंतू झाडपाला खाणाऱ्यांच्या पोटात मिळाले, सगळ्यांत कमी मांस खाणाऱ्यांच्या. आपल्या ताडोबाच्या भाषेत सांगायचं तर रानगव्याचं पोट म्हणजे दाट मिश्र जंगल, आणि वाघाचं पोट म्हणजे मोजकी झाडं असलेलं माळरान. दोघांना आपापलं पुरतं.

पण खाण्याबरोबर घराणंही मोजलं जातं. चीनमधला पांडा हा अस्वलाच्या कुळातला. तो जन्मभर बांबू खातो, तरी त्याच्या पोटातले जंतू मांस खाणाऱ्या प्राण्यांच्या जवळचे निघाले. कारण त्याच्या आतड्याची घडण अजून अस्वलाची आहे, आखूड आणि साधी. उलट आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानर पाहा. त्याच्या पोटाला कप्पे आहेत, तिथे पाला जंतूंकडून मुरवला जातो. म्हणून वानर जो जून पाला खाऊन तगतं, तो आपण खाल्ला तर पोट धरून बसू.

माणूस दोन्ही खाणाऱ्यांत मोडतो. पण माणसामाणसांतही ताटाप्रमाणे फरक पडतो. २०१९ मध्ये भोपाळच्या शास्त्रज्ञांनी भोपाळ आणि केरळ इथल्या ११० निरोगी माणसांचे जंतू तपासले. भोपाळकडे धान्य-डाळी-भाजीचं जेवण जास्त, तिथे 'प्रीव्होटेला' नावाच्या जंतूचं राज्य दिसलं. केरळात मासे-मांसही ताटात असतं, तिथे दुसऱ्या जंतूंचं प्रमाण जास्त होतं. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही भारतीय पोटांत प्रीव्होटेला ठळकपणे आढळला. धान्याचा कोंडा आणि चोथा हे त्याचं आवडतं खाणं.

आता आपल्या ताटाकडे बघा. आपल्या आज्यांच्या ताटात ज्वारीची भाकर होती, हाताने कांडलेला तांदूळ होता, तूर, बरबटी, वाल होते, अंबाडी होती, पावसाळ्यात तरोट्याची भाजी होती. उपासमारही होती, हे विसरून चालणार नाही, तो काळ गोड नव्हता. आज राशनच्या तांदळाने पोट भरतं आणि ही मोठीच गोष्ट आहे. पण पांढरा पॉलिश केलेला तांदूळ, आलू आणि लेकराच्या हातात पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी, एवढ्यावर आपलं पोट भरतं, पोटातल्या रानाचं भरत नाही. त्या जंतूंच्या वाट्याला चोथा येतच नाही.

ज्याला खायला मिळत नाही तो नाहीसा होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात उंदरांच्या पोटात माणसाचे जंतू वसवले आणि त्यांना चोथा नसलेलं अन्न दिलं. पहिल्या पिढीत जंतूंचे प्रकार घटले, पण चांगलं अन्न दिल्यावर बरेच परत आले. तेच अन्न चार पिढ्या चालू ठेवलं, तेव्हा मात्र चौथ्या पिढीला चांगलं अन्न देऊनही हरवलेले जंतू परतले नाहीत. बीच संपलं होतं. उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, तरी आम्हाला या प्रयोगाने विचारात पाडलं.

कोण आधी रुजतं

गडचिरोलीत कमलापूरच्या हत्ती कॅम्पचं नाव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हत्तीचं पिल्लू लहान असताना आईची लीद खातं. बघणाऱ्याला किळस वाटते. पण पाला पचवणारे जंतू पिल्लू पोटात घेऊन जन्मत नाही, त्या लिदेतूनच त्याला आईचे जंतू मिळतात. वासराला गाय चाटते, वासरू तिच्याभोवती तोंड लावत फिरतं, त्याचं पोटही असंच वसतं.

माणसाच्या बाळाला निसर्गाने याहून चांगली सोय दिली आहे. बाळंतपणात आईच्या अंगावरून, नंतर तिच्या कातडीवरून आणि दुधातून पहिले जंतू येतात. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या आहेत कशाला? तर बाळाच्या पोटातल्या 'बिफिडोबॅक्टेरिया' या जंतूंसाठी. आई एकाच वेळी दोघांना पाजते, बाळाला आणि बाळाच्या पोटातल्या रानाला. हे जंतू आधी जागा धरतात, पोट थोडं आंबट ठेवतात, आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत.

म्हणून पहिला पिवळा चीक पिळून फेकू नका. मध, गुळाचं पाणी, घुटी देऊ नका. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नको. ऑपरेशन करून बाळंतपण झालं असेल तर मनाला लावून घेऊ नका, त्या ऑपरेशनने जीव वाचतो. बाळाला लवकरात लवकर उघड्या छातीशी घ्या आणि पाजा.

पहिल्या जंतूंची किंमत किती, हे ओडिशात दिसलं. तिथल्या खेड्यांत डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने साडेचार हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी काहींना सात दिवस एक निवडक चांगला जंतू आणि त्याचं खाद्य दिलं. ज्यांना ते मिळालं त्यांच्यात रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा दगावणं ४० टक्क्यांनी कमी झालं. यावरून मेडिकलमधून कुठलीही पुडी आणून बाळाला देऊ नका. तो निवडलेला जंतू होता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिला होता. आपण घ्यायचं ते एवढंच की सुरुवातीला कोण रुजतं याला फार मोल आहे, आणि आईच्या दुधाची सोय आपल्या हातात आहे.

बी शेजारून येतं

सुबाभूळ आपल्याकडे शेळीला घालतात. घोड्याला जास्त खाऊ घातली तर त्याचे केस गळतात, कारण तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणारी गुरं आजारी पडायची. पण हवाई बेटावरच्या शेळ्या तीच सुबाभूळ खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला शंका आली की फरक शेळीत नाही, शेळीच्या पोटातल्या जंतूंत आहे. हवाईतल्या जनावरांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले, आणि गुरं सुबाभूळ पचवू लागली. पुढे त्या जंतूला जोन्स यांचंच नाव दिलं गेलं. एका जनावराकडून कळपातल्या दुसऱ्याकडेही तो जंतू पसरतो. आजही रवंथ बंद पडलेल्या गाईला जनावरांचे डॉक्टर निरोगी गाईच्या पोटातला रस पाजतात, त्यामागे हेच आहे.

शेजाराने जंतू वाटले जातात हे आफ्रिकेतल्या केनिया देशात बबून माकडांमध्येही दिसलं. एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचणाऱ्या बबूनांचे पोटातले जंतू एकमेकांशी जास्त जुळत होते. एका घरात राहणाऱ्या माणसांचंही तसंच असतं.

इथे एक इशारा दिला पाहिजे. हल्ली काही शिकलेले लोक म्हणतात, "थोडी घाण चांगली, त्याने ताकद येते." वस्तीत राहणाऱ्याने हे ऐकू नये. ज्या वाटेने सोबती जंतू येतात, त्याच वाटेने कॉलरा, कावीळ आणि टायफॉईडही येतात. ज्या वस्तीत पिण्याची पाइपलाइन नालीतून जाते, तिथे शेजार आपल्या हातात राहत नाही, तो नालीचा होतो. लेकराला माती, झाडं, आजी-आजोबा, बकरीचं पिल्लू यांचा सहवास हवा. नालीच्या पाण्याचा नको. सोबती जंतू हवेत म्हणून संडास आणि शुद्ध पाण्याची मागणी ढिली करायची नाही, उलट आणखी जोराने करायची.

दारावरचा राखणदार

जठरातलं आम्ल हे पोटाच्या दारावरचं राखणदार. तोंडातून आलेले बरेचसे रोगजंतू तिथेच मरतात. या कामात गिधाडाचा हात कुणी धरणार नाही. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरहून पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं आपल्या ताडोबात आणली. अमेरिकेतल्या गिधाडांचा एक अभ्यास २०१४ मध्ये झाला. त्यांच्या चेहऱ्याच्या कातडीवर ५२८ प्रकारचे जंतू सापडले, पण आतड्यात फक्त ७६. बाकीचे आत जगलेच नाहीत. जे उरले त्यांत इतर प्राण्यांना घातक ठरणाऱ्या जंतूंचे भाऊबंदच जास्त होते, आणि गिधाड त्यांच्यासोबत सुखाने नांदत होतं. सडलेलं मांस पचवायला असं पोट लागतं.

माणसाचं पोट तसं घडलेलं नाही. तरी आपल्या समाजावर पिढ्यान् पिढ्या मेलेल्या ढोराचं मांस लादलं गेलं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी ते सोडा असं सांगितलं, ते स्वाभिमानासाठी. आज पोटाच्या शास्त्राने पाहिलं तरी तो सल्ला आरोग्याचाही होता असं आम्हाला वाटतं.

माणसाचं आम्लही तसं तेज असतं, पण तान्ह्या बाळाचं आणि म्हाताऱ्यांचं कमजोर असतं. आणि रोज गॅसची गोळी घेणाऱ्यांचं आपण स्वतःच कमजोर करतो. आमच्या वस्तीत पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल महिनोन् महिने घेणारे घरोघरी आहेत. अल्सर असेल, डॉक्टरने ठरावीक दिवसांसाठी लिहून दिली असेल तर ती गोळी जरूर घ्या. पण जेवण भारी झालं की गोळी, उपाशी राहिलं की गोळी, असं चाललं तर राखणदार झोपतो आणि पोटाच्या संसर्गाचा धोका वाढतो. वर्षभर गोळी चालू असेल तर ती बंद कशी करायची, हे डॉक्टरला विचारा.

तोड आणि वणवा

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात, आणि कधी ती आग रानात शिरते. पुढच्या पावसात हिरवं दिसतं खरं, पण जवळ जाऊन बघा. जुनी रोपं गेलेली असतात आणि घाणेरी माजलेली असते. पोटात अँटिबायोटिकचं तसंच होतं. ज्या रोगजंतूसाठी औषध घेतलं तो मरतो, पण सोबतीही मरतात. जागा रिकामी झाली की घाणेरीसारखे हट्टी जंतू आधी पसरतात. काही लेकरांना अँटिबायोटिकनेच पातळ संडास लागते, ती यामुळे. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जोरदार अँटिबायोटिक दिली. दीड महिन्यात पोटातले बहुतेक जंतू परतले, पण आधी सगळ्यांच्या पोटात असलेले नऊ प्रकार सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडले नाहीत. ही धडधाकट, चांगलं खाणारी माणसं होती. दोन महिन्यांत चारदा अँटिबायोटिक घेतलेल्या दहा महिन्यांच्या लेकराचं काय होत असेल?

याचा अर्थ अँटिबायोटिक वाईट, असा मुळीच नाही. आपल्याच गडचिरोलीत त्याचा सर्वांत चांगला दाखला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची लक्षणं दिसली की त्या घरीच जेन्टामायसिनची सुई द्यायच्या. या आणि बाळाची ऊब, स्तनपान अशा इतर काळजीमुळे तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बालमृत्यू साधारण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला आणि जगाने दखल घेतली. तेच औषध, पण गरज ओळखून दिलेलं. कुऱ्हाड घरात असावीच. ती कशावर चालवायची, हे कळलं पाहिजे.

लेकरांच्या बहुतेक पातळ संडास विषाणूंमुळे होतात, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. तिथे रान तोडलं जातं आणि शत्रूला काहीच होत नाही.

रान पुन्हा लावता येतं का?

बांगलादेशात ढाक्याच्या मीरपूर भागातल्या झोपडपट्टीत डॉ. तहमीद अहमद आणि जेफ्री गॉर्डन यांच्या गटांनी कुपोषित लेकरांच्या पोटातले जंतू तपासले. लेकरू वयाने मोठं, पण पोटातलं रान त्याहून लहान वयाच्या बाळाचं, असं त्यांना दिसलं. नेहमीचा पोषक आहार देऊन वजन वाढलं तरी ते रान पुरतं वयात येत नव्हतं. मग त्यांनी कोणतं अन्न त्या जंतूंना वाढवतं हे शोधलं. हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाणे आणि कच्चं केळं या चार गोष्टी निघाल्या. २०२१ मध्ये बारा ते अठरा महिन्यांच्या ११८ लेकरांवरचा निकाल आला. तीन महिने हे अन्न खाल्लेल्या लेकरांचं वजन नेहमीच्या तयार आहारापेक्षा चांगल्या गतीने वाढलं, आणि या अन्नात उष्मांक कमी होते, तरीही.

आम्ही ते वाचलं तेव्हा आधी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. हरभरा आपल्याकडे पिकतो, सोयाबीन पिकतं, शेंगदाणे दुकानात मिळतात, केळं मिळतं. घरी शिजवलेलं अन्न म्हणजे तो अभ्यासातला आहार नव्हे, आणि कुपोषित लेकराला दवाखान्यात नेलंच पाहिजे. पण सहा महिन्यांनंतरच्या लेकराच्या वाटीत नुसता मऊ भात आणि बिस्कीट यांऐवजी काय असावं, याची दिशा मिळाली.

एवढं करा

• लेकराला पातळ संडास लागली की पहिल्या वेळेपासून ओआरएस सुरू करा. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

• झिंकची गोळी १४ दिवस द्या, संडास थांबली तरी. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरच्याला २० मिलिग्रॅम. ओआरएस आणि झिंक आशाताईकडे फुकट मिळतात, हक्काने मागा.

• अंगावरचं दूध बंद करू नका. जेवण बंद करू नका.

• संडासमध्ये रक्त, डोळे खोल गेलेले, लेकरू सुस्त किंवा पाणी पीत नाही, तापाने फणफणलेलं, सारखी उलटी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच वेळी दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर वाट न पाहता न्या. तिथे डॉक्टरने अँटिबायोटिक लिहिलं तर सांगितले तेवढे दिवस पुरं द्या.

• औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. मेडिकलवाल्याला "काहीतरी जोरदार द्या" म्हणू नका. जुनी अर्धी बाटली पुन्हा वापरू नका.

• डॉक्टरला विचारायला लाजू नका: "हे अँटिबायोटिक आहे का? याची गरज कशासाठी?"

• आठवड्यात तीन-चार वेगवेगळ्या डाळी-कडधान्यं, एक-दोनदा ज्वारी, रोज एक पालेभाजी. घरचं ताक. लेकराला शेंगदाणे नेहमी कुटून द्या, अख्खे दिले तर घशात अडकतात.

• वस्तीच्या बैठकीत पाण्याची पाइपलाइन आणि नाली यांचा विषय लिहून द्या. ग्रामपंचायत असो की महानगरपालिका, अर्जाची पोच घ्या. राशनमध्ये डाळ आणि भरड धान्य हवं, ही मागणीही त्याच अर्जात घाला.

त्या बहिणीला आम्ही पाच बाटल्यांपैकी एकही द्यायला सांगितली नाही. ओआरएस कसं करायचं ते ओट्यावरच करून दाखवलं, झिंक दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत दवाखान्यात गेलो. वजन न वाढणाऱ्या लेकराची तपासणी ओट्यावर होत नाही. डॉक्टरांनी तपासलं, अँटिबायोटिक लिहिलं नाही, पोषणासाठी दाखल करून घेतलं. आज ते लेकरू चालतं. दंडाचा घेर अजून पिवळ्या पट्ट्यात आहे, हिरव्यात आलेला नाही. रान तोडायला एक दिवस पुरतो, वाढायला वर्षं लागतात. ती बहीण आता दर रविवारी येते, आणि शेजारणीच्या हातात औषधाची पिशवी दिसली की आमच्याआधी तीच विचारते, "लाल रेघ पाह्यली का वं बाई?"